पानावरून उठण्याची मुभा

कोपरखैरण्यात माथाडींच्या वसाहतीत माझ्या ओळखीचे एक कुटुंब राहते. आजोबा पाटण तालुक्यातून मुंबईला आले, मशीद बंदरात पाठीवर गोणी वाहिल्या आणि बाजार वाशीला हलला तेव्हा बाजारामागोमाग खाडी ओलांडून इकडे आले. ते आता नाहीत. नात 23 वर्षांची, पदवी घेऊन बसलेली. मध्यंतरी त्यांच्याकडे गेलो, तर ती आजीला मोबाईलवर फोटो दाखवत होती: युरोपातला एक द्राक्षमळा, दगडी घर, खिडकीत झोपलेले मांजर. तीन महिने तिथे राहायचे, आठवड्याला 25 तास मळ्यात काम करायचे, त्या बदल्यात खोली आणि दोन वेळचे जेवण. विमानाचे तिकीट ज्याचे त्याने काढायचे.

"पगार किती?" आजीने विचारले.

"पगार नाही गं आजी. राहायला-खायला देतात."

"म्हंजी पोटावारी?"

नातीला शब्द कळला नाही. "अगं, अनुभव मिळतो," ती म्हणाली.

आजी लसूण सोलत होती. मान वर न करता तिने विचारले, "आन न्हाई पटलं तर?"

पोटावारी म्हणजे रोख मजुरी न घेता नुसत्या पोटाला अन्न मिळावे एवढ्यावर राबणे. शहरी मराठीतून हा शब्द जवळजवळ गेला. व्यवहार मात्र इंग्रजी नाव घेऊन, ॲपवर बसून परत आला. आजीचा शब्द आणि नातीचा शब्द यांत साठ वर्षांचे अंतर आहे, पण दोघी एकाच देवघेवीबद्दल बोलत होत्या आणि दोघींचेही खरे होते. भाकरीच्या बदल्यात काम, किंवा भाकरीच्या आधाराने दूरदेशी मुक्काम, ही गोष्ट महाराष्ट्राने विद्येसाठी केली, सेवेसाठी केली आणि नाइलाजानेही केली. तिन्हींचा हिशेब एकत्र मांडला, तर आजीच्या शेवटच्या प्रश्नाचे वजन कळते.

आधी विद्येची वाट. गरीब विद्यार्थी गावात आला की 'वार लावून' जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात दिवसांची सात घरे. ज्याला तेही जमले नाही, तो झोळी घेऊन माधुकरी मागे. पुण्यासारख्या शहरांत शिकलेल्या अनेक पिढ्या अशा परक्या पंक्तीत जेवून मोठ्या झाल्या. याचे सर्वांत लांब पल्ल्याचे उदाहरण म्हणजे धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस 1899 मध्ये घर सोडून निघाला. पुण्यात संस्कृतचा पाया घातला, काशीत अन्नछत्रात जेवून शिकला, बुद्धाच्या शोधात नेपाळपर्यंत गेला आणि 1902 मध्ये सिंहलद्वीपात, कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी जाऊन श्रामणेर झाला. खिशात काही नव्हते. राहण्या-जेवण्याची सोय विहाराची आणि त्याच्या बदल्यात भिक्षूची शिस्त व पालीचा अभ्यास. तिथून तो मद्रासला गेला, मग ब्रह्मदेशात. पुढे 1910 मध्ये याच विद्येच्या बळावर हार्वर्डला पोहोचला. 'निवेदन' या आत्मकथनात त्याने हा प्रवास लिहून ठेवला आहे. आज पाठीला सॅक लावून फिरणाऱ्यांचा मराठीतला पूर्वज शोधायचा झाला, तर तो हाच.

पण या वाटेच्या फाटकावर पहारेकरी होता. वार ब्राह्मण मुलाला ब्राह्मण घरीच मिळे. काशीच्या छत्रांतही जात विचारूनच पान वाढले जाई. कुणब्याचा, महाराचा, मांगाचा मुलगा कितीही हुशार असला, तरी त्याच्यासाठी सात घरे सोडा, एकही उंबरा नव्हता.

असा एक उंबरा साताऱ्यात तयार झाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्याला बोर्डिंग सुरू केले. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत, एका पंक्तीत जेवत. मुलांची पोटे भरण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. पण भाऊरावांना मुले मिंधी नको होती. शेतात खपायचे, पाणी भरायचे, भिंती बांधायच्या आणि त्या श्रमातून शिकायचे, हा त्यांचा नेम. पुढे त्यालाच 'कमवा आणि शिका' हे नाव रूढ झाले. माधुकरी मागणारा मुलगा दात्याच्या उपकारात असे. बोर्डिंगातला मुलगा स्वतःच्या घामाची भाकरी खाई. त्याच रयतचे कॉलेज आज वाशीत भाऊरावांच्या नावाने उभे आहे. पाटण-जावळीहून आलेल्या माथाडींची किती मुले-नातवंडे त्याच्या पायऱ्या चढली असतील! सुरुवातीची ती नातही त्यांतलीच.

आता दुसरी वाट, नाइलाजाची. ती सांगताना हात जड होतो, पण ती वगळून हा विषय सांगणे म्हणजे अर्धा ताळेबंद वाचून दाखवणे.

गावगाड्यात महाराने दिवसरात्र सरकारी आणि गावकीची कामे करायची, वर्दी द्यायची, ओझी वाहायची, मेलेली जनावरे ओढायची आणि मोबदल्यात जमिनीचा तुकडा, बलुत्याचे धान्य व दारोदारची शिळी भाकर घ्यायची. कामाचे तास ठरलेले नाहीत, मोबदला ठरलेला नाही आणि नाही म्हणायची सोय तर नाहीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदे मंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या अनिश्चिततेवर बोट ठेवूनच. ते वतन कायद्याने जायला 1950 च्या दशकाची अखेर उजाडावी लागली.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, वारल्यांच्या पाड्यांवर, याहून क्रूर प्रकार होता. लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. कर्ज फिटत नसे, कारण वही जमीनदाराकडे आणि वाचता येणारा माणूसही त्याच्याचकडे. लग्नाचा मांडव उतरायच्या आत नवी नवरी वेठीला लागायची. 1945 मध्ये वारल्यांनी वेठीला नकार दिला. त्या उठावाची कहाणी गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या 1970 च्या पुस्तकात सांगितली आहे. तोवर संविधानाच्या 23 व्या कलमाने वेठबिगारीला बंदी घातली होती. वेठबिगार पद्धत संपवणारा स्वतंत्र कायदा 1976 मध्ये आला. आणि 1982 मध्ये, दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने एक पाऊल पुढे टाकले. पोटाची आग हीसुद्धा सक्तीच आहे, नाइलाजाने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबणारा माणूस वेठीलाच धरलेला आहे, असे त्या निकालाचे सार आहे. दाराला कडी नाही म्हणून आतला माणूस मोकळा ठरत नाही.

परदेशाची वाटसुद्धा कितीतरी मराठी माणसांनी पाहिली ती अशाच नाइलाजाच्या कराराने. 1834 पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानी मजूर जाऊ लागले. एकूण आकडा साडेचार लाखांच्या घरात जातो. बहुतेक जण कलकत्त्याहून आणि मद्रासहून गेले, पण मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली. त्यांत रत्नागिरी-सावंतवाडीकडचे कोकणी मराठी लोक होते. तिथे त्यांना आजही 'बाँबे' म्हणून ओळखतात. करार पाच वर्षांचा. महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, तेल-मीठ, कपडे आणि राहायला झोपडी. कागदावर हे आजच्या द्राक्षमळ्यापेक्षा बरे दिसते, कारण रोख तरी होती. पण एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचा, असा नियम होता. त्याला 'डबल कट' म्हणत. आजारी पडलेला मजूर महिनाअखेरीस मालकाचाच देणेकरी निघे. परवानगीशिवाय मळा सोडला तर तुरुंग. 'ॲग्रीमेंट' शब्दाचे 'गिरमिट' झाले आणि लाकडाला भोक पाडणाऱ्या आपल्या जुन्या हत्याराचेच नाव नकळत त्या कागदाला मिळाले. पोर्ट लुईच्या ज्या पायऱ्या चढून ते बेटावर उतरले, तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा स्थळ आहे. त्यांच्या वंशजांनी तिकडे गणपती बसवला, मराठी टिकवली, हे कौतुकाचेच. पण पायऱ्या चढणाऱ्या पहिल्या माणसाला आजीचा प्रश्न कोणी विचारला नव्हता: आन न्हाई पटलं तर?

तिसरी वाट सेवेची. पहिल्या महायुद्धानंतर पिएर सेरेसोल नावाच्या स्विस अभियंत्याने 1920 मध्ये फ्रान्समध्ये, वेर्दूंजवळच्या एका बेचिराख गावात, वेगवेगळ्या देशांच्या तरुणांना घेऊन फावडी उचलली. ज्या राष्ट्रांनी एकमेकांची घरे पाडली, त्यांच्याच मुलांनी ती मिळून बांधावीत, ही कल्पना. मोबदला जेवण आणि निवारा. 1934 मध्ये बिहारला भूकंप झाला, तेव्हा सेरेसोल आपले सहकारी घेऊन तिथे आला आणि विस्थापितांसाठी घरे बांधण्यात राबला. 1950 च्या दशकात त्याच 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल'चे परदेशी तरुण वरोऱ्याला, बाबा आमट्यांच्या आनंदवनात आले. त्या काळी कुष्ठरोग्याने पिकवलेली भाजी बाजारात कोणी हातात धरत नसे. हे गोरे तरुण तिथेच राहिले, तिथलेच अन्न जेवले, रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी भिंती उभ्या केल्या. पंचक्रोशीतली भीती ओसरायला त्या एका पंक्तीने मोठा हातभार लावला. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात बाबांनी मूल तालुक्यात सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. विदर्भाच्या मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, सकाळी कुदळ आणि दुपारनंतर चर्चा, असा तिथला क्रम. महाराष्ट्रातल्या कितीतरी कार्यकर्त्यांचे पहिले फोड तिथले.

आपल्या नवी मुंबईच्या वेशीवरही ही वाट येऊन गेली आहे. गोवा महामार्गाने पनवेल सोडून कर्नाळ्याचा सुळका मागे टाकला की तारा गाव लागते. तिथले युसुफ मेहेरअली सेंटर स्वातंत्र्यसैनिक डॉ. जी. जी. परीख यांनी सहकाऱ्यांसह उभे केले. संस्थेची स्थापना 1961 ची. दवाखाना, तेलघाणी, साबण, कुंभारकाम अशा कामांत हात घालायला देशातले आणि परदेशातलेही तरुण तिथे येऊन राहिले आहेत. तेव्हा भाकरीवर काम करायला परदेशी जाणारी मुलगी हे आपल्याकडचे नवल नाही. आपण पाहुणेही होतो आणि यजमानही.

आजच्या ॲपची मुळे या तिसऱ्या वाटेत आहेत. 1971 मध्ये लंडनमधल्या सू कोपार्ड नावाच्या सेक्रेटरीला वाटले, शहरातल्या माणसालाही शनिवार-रविवारी मातीत हात घालायला मिळावेत. तिने ससेक्समधल्या सेंद्रिय शेतावर तशी सोय लावली आणि त्यातून 'वूफ' ही जगभरची साखळी झाली. इंटरनेट आल्यावर 'वर्कअवे'सारखी संकेतस्थळे निघाली आणि शेताच्या जोडीला हॉस्टेल, कॅफे, बालसंगोपन, सोशल मीडिया सांभाळणे अशी कामेही यादीत शिरली. इथे माझ्या मनात पाल चुकचुकते. सेरेसोलच्या मांडणीत घर बांधून मिळे ते बेघराला. हॉस्टेलच्या मालकाला रिसेप्शनवर फुकट माणूस मिळाला, तर त्यात सेवा कोणाची? आणि त्या खुर्चीवर पगार घेऊन बसू शकली असती अशा गावातल्या मुलीचे काय?

हा प्रश्न सरकारांनाही पडला. ऑस्ट्रेलियात तरुणांना दुसऱ्या वर्षाचा वर्किंग हॉलिडे व्हिसा मिळवण्यासाठी ग्रामीण भागात 88 दिवस काम दाखवावे लागे. त्यात अन्न-निवाऱ्यावरचे कामही धरले जाई आणि त्याचा इतका गैरफायदा घेतला गेला, की 2015 च्या अखेरीस फक्त पगारी काम धरायचे ठरले. न्यूझीलंडच्या कायद्यात लाभ किंवा मोबदल्यासाठी केलेले काम ते काम, मग मोबदला वरणभाताचा का असेना; पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. आपलाही नियम पाहा. भारतात ई-टुरिस्ट व्हिसावर येणाऱ्याला जास्तीत जास्त एक महिना स्वयंसेवा करता येते, पण कोणत्याही स्वरूपाचा मोबदला न घेता. कोकणातल्या एखाद्या कृषी पर्यटन केंद्राने परदेशी पाहुण्याला खोली देऊन आंब्याच्या पेट्या भरायला बसवले, तर मजुरी बुडते ती शेजारच्या वाडीतल्या कातकरी बाईची.

काही देशांनी देवघेव मान्य करून तिला कुंपण घातले. घरात राहून मुले सांभाळणाऱ्या परदेशी तरुणींसाठी युरोपच्या परिषदेने 1969 मध्ये करार केला: लेखी अटी, दिवसाला 5 तासांहून जास्त काम नाही, आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी, भाषेच्या वर्गाला वेळ आणि हातखर्चाला पैसे. त्याच वर्षी महाराष्ट्राने माथाडी कायदा केला, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या हमालांना त्या कायद्याने मंडळ मिळाले, नोंदणी मिळाली, ठरलेली मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी मिळाला. जिनिव्हा-पॅरिसच्या घरातली मुलगी आणि मशीद बंदरचा हमाल, दोघांनाही एकच गोष्ट हवी होती: मालकाच्या मर्जीऐवजी कागदावरची अट.

आजीला हे पुस्तकातून कळलेले नाही. आजोबा सुरुवातीला गाववाल्यांच्या गाळ्यात पथारीला राहत. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे. खानावळीचा हिशेब मुकादमाकडे असे आणि मजुरी हातात पडायच्या आधी तो वळता होई. "त्येंनी येकदा इचारलं, कुनाचं किती कापलं?" आजी सांगत होती. "तर मुकादम म्हनला, उद्यापास्नं येऊ नको." वही दुसऱ्याकडे असली की भाकरीची किंमत तो ठरवतो. लग्नगड्याची वही जमीनदाराकडे होती, गिरमिट्याची मळेवाल्याकडे, हमालाची मुकादमाकडे. आणि आज अनोळखी देशात एकट्या मुलीच्या मुक्कामाला चांगला-वाईट शेरा देणारी वही, तिचा पुढचा यजमान ठरवणारी, बऱ्याच अंशी यजमानाच्याच बोटांखाली असते.

तरीही मी नातीला जाऊ नको म्हणणार नाही. कोसंबी घरी बसला असता, तर मराठीला बुद्ध इतक्या जवळून भेटला नसता. ज्या घरातल्या आजोबांनी खाडीपलीकडचे जग गोण्यांखालून पाहिले, त्या घरातल्या मुलीने ते ताठ मानेने पाहावे, यासारखा दुसरा आनंद नाही. उलव्याच्या बाजूला आता विमानतळ झाला आहे. कोपरखैरण्याहून आकाश पूर्वीइतके लांब राहिलेले नाही. पण पासपोर्ट हातात असलेल्या आपल्या मुलांना या देवघेवीचा इतिहास कोणी सांगत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे कॉलेजे भरवतात, परदेशी शिक्षणाचे मेळावे भरवतात. या मधल्या वाटेबद्दल एक तासाचे व्याख्यानही ठेवत नाहीत. ते ठेवावे. त्यात सेरेसोल सांगावा, सोमनाथ सांगावे आणि गिरमिटही सांगावे.

आपल्याकडे भरल्या पानावरून उठणे हा अन्नाचा अपमान मानतात. मला वाटते, भाकरीच्या बदल्यातल्या कामाची परीक्षा नेमकी तिथे आहे. ज्याला पानावरून उठता येते, तो पाहुणा किंवा सोबती. ज्याला उठता येत नाही, तो वेठीचा, मग वाढलेले पक्वान्न का असेना. बोर्डिंगातला मुलगा उठू शकत होता, सोमनाथचा शिबिरार्थी उठू शकतो. लग्नगडी उठू शकत नव्हता. आणि उठण्यासाठी नुसती इच्छा पुरत नाही. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे हवेत, पासपोर्ट स्वतःच्या उशाशी हवा, व्हिसा त्या कामाला चालणारा हवा. ज्याचा व्हिसाच चुकीचा, तो पोलिसांकडे तक्रार घेऊन जाणार कसा? यजमान वाईट निघण्याआधीच त्याच्या हातात कडी दिलेली असते.

परवा पुन्हा कोपरखैरण्याला गेलो. नातीने मळ्याच्या मालकिणीला पाच प्रश्न लिहून पाठवले होते: कामाचे तास किती, सुट्टी कोणती, खोलीला आतून कडी आहे का, आजारी पडल्यास काय, आणि मधेच निघायचे झाले तर? दूतावासाला सहावा प्रश्न गेला होता: या कामाला कोणता व्हिसा लागतो? दूतावासाकडून अजून उत्तर नव्हते आणि ते येईपर्यंत तिकीट काढायचे नाही, असे तिने ठरवले होते. मालकिणीने मात्र पाचही उत्तरे दिली होती. शेवटचे नातीने मोठ्याने वाचून दाखवले: कधीही निघता येईल, बसथांबा चार किलोमीटरवर आहे, मी गाडीने सोडीन.

आजीने ऐकून घेतले. बाकी काही विचारले नाही.

"ह्ये आधी सांगायचं," ती म्हणाली आणि लसणाचे ताट पुढे ओढले.